परग्रहवासीयांच्या शोधावर शंका घ्यायची, तर ती कोणत्या पायावर?

सड्यावरचा मास्तर, राजापूर

मी राजापूर तालुक्यात एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. कोकणातील कातळशिल्पे 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आली आणि ती पाहायला दूरदूरची माणसे येऊ लागली, याचा मला मनापासून आनंद आहे. परंतु त्यांच्या मागोमाग ही चित्रे परग्रहावरून आलेल्यांनी कोरली असे ठामपणे सांगणारे व्हिडिओही आले, आणि ते मुलांच्या मोबाइलवर आमच्या धड्यांच्या आधी पोहोचले. या दाव्याला पुरावा नाही असे मी वर्गात सांगितले, तेव्हा नववीतील एका मुलीने विचारले, "सर, मग शास्त्रज्ञ इतकी वर्षे मोठमोठ्या दुर्बिणी लावून कोणाला शोधत आहेत?"

प्रश्न रास्त आहे. 1959 मध्ये कोकोनी आणि मॉरिसन या भौतिकशास्त्रज्ञांनी 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात लिहिलेल्या छोट्या लेखात असे मांडले की, दुसऱ्या ताऱ्याजवळ कोणी रेडिओ संदेश पाठवत असेल, तर तो हायड्रोजनच्या 1420 मेगाहर्ट्‌झ या नैसर्गिक वारंवारतेच्या आसपास शोधावा, कारण विश्वात कुठेही खगोलशास्त्र जाणणाऱ्याला ती ठाऊक असणारच. पुढच्याच वर्षी फ्रँक ड्रेक यांनी अमेरिकेतील ग्रीन बँक येथील दुर्बीण टाऊ सेटी आणि एप्सिलॉन एरिडनी या दोन ताऱ्यांकडे वळवली. तेव्हापासून हे काम कमीअधिक प्रमाणात चालू आहे आणि आजपर्यंत खात्रीचा एकही संदेश मिळालेला नाही.

शोध घेणे योग्य आहे आणि आजवरच्या कोणत्याही दाव्यावर विश्वास ठेवणे अयोग्य आहे, ही दोन्ही विधाने मला एकाच वेळी खरी वाटतात. ती चौदा वर्षांच्या मुलांपुढे एकत्र कशी ठेवावीत, आणि मुळात ती एकत्र टिकतात का, यावर आपली मते हवी आहेत.

अनुमान, चिपळूण

मास्तर, माझ्या मते ती एकत्र टिकत नाहीत, आणि माझा आक्षेप व्हिडिओंपेक्षा दुर्बिणीवाल्यांवर अधिक आहे. व्हिडिओ करणाऱ्याचे खोटे सहज पकडता येते. पण ज्या शोधात "सापडले नाही" या उत्तरानंतर दर वेळी "अजून पुरेसे शोधले नाही" असे म्हणता येते, तो शोध कधी चुकीचा ठरणार आहे का?

एन्रिको फर्मी यांनी 1950 मध्ये लॉस अलामॉस येथे जेवताना विचारलेला "मग ते सगळे आहेत कुठे?" हा प्रश्न प्रसिद्ध आहे. मायकेल हार्ट यांनी 1975 मध्ये त्याला तर्काची शिस्त दिली. आपली आकाशगंगा सुमारे एक लाख प्रकाशवर्षे रुंद आहे. प्रकाशाच्या एक शतांश वेगाने, वाटेत मुक्काम करत पसरत जाणाऱ्या संस्कृतीलाही ती व्यापायला काही कोटी वर्षे पुरतील, आणि आकाशगंगेचे वय तर हजार कोटी वर्षांच्या पुढे आहे. तेव्हा आपल्या आधी एक जरी संस्कृती उभी राहून टिकली असती, तर तिच्या खुणा आज आपल्या सूर्यमालेत दिसायला हव्या होत्या. त्या दिसत नाहीत, यावरून हार्ट यांनी असे कोणी नाहीच असा निष्कर्ष काढला. मला तो पूर्ण मान्य नाही, पण शोध घेणाऱ्यांनी त्याला सरळ उत्तर द्यायला हवे.

आकाशगंगेत संदेश पाठवू शकणाऱ्या संस्कृती किती असतील याचा अंदाज करणारे ड्रेक यांचे 1961 चे समीकरण मी उत्तर मानत नाही. त्यातील ताऱ्यांच्या जन्माचा दर आपल्याला बऱ्यापैकी माहीत आहे, ग्रहांचे प्रमाणही आता कळू लागले आहे. परंतु जीव निर्माण होण्याची शक्यता, त्यातून बुद्धी येण्याची शक्यता आणि संस्कृती टिकण्याचा काळ या पदांसाठी आपल्याजवळ एकच उदाहरण आहे, आणि ते आपण स्वतः आहोत.

लघुलहरी, गुहागर

मी जहाजांवर रेडिओ अधिकारी होतो, आता घरी असतो आणि हौशी रेडिओ चालवतो. शक्यतांचा हिशोब जाणकारांनी मांडावा. मी फक्त ऐकण्याविषयी लिहितो, कारण या शोधाचे जवळजवळ सगळे कष्ट तिथे आहेत आणि बाहेरच्या माणसाला ते दिसत नाहीत.

आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्याआधीच्या दिवसांत समुद्रावरच्या दमट हवेवर उबदार आणि कोरड्या हवेचे थर असे बसतात की, एरवी क्षितिजापलीकडे न जाणाऱ्या लहरी त्या थरांत अडकून शेकडो मैल वाहत येतात. अशा रात्री आखाती देशांतील एफएम केंद्रे आपल्या रेडिओवर स्पष्ट लागतात. ज्याला हे ठाऊक नाही, त्याला अरबीतील तो आवाज कुठून आला हे कळणार नाही. आवाज खरा असतो, यंत्रही नीट असते, फक्त त्याच्या उगमाविषयीचा आपला अंदाज चुकतो.

दुर्बिणीवाल्यांचेही तेच आहे. ऑस्ट्रेलियातील पार्क्स येथील दुर्बिणीला अनेक वर्षे काही क्षणिक स्पंद मिळत होते, ते दूरच्या अवकाशातून आल्यासारखे दिसत. 2015 मध्ये उलगडा झाला की, तिथल्याच मायक्रोवेव्ह ओव्हनचे दार तो चालू असताना उघडले की ते उमटतात. त्याच दुर्बिणीने 2019 मध्ये सूर्याच्या सर्वांत जवळच्या ताऱ्याच्या, म्हणजे प्रॉक्झिमाच्या, दिशेने 982 मेगाहर्ट्‌झच्या आसपास एक अरुंद संकेत टिपला. वर्तमानपत्रांनी तो उचलून धरला. ज्या 'ब्रेकथ्रू लिसन' प्रकल्पाच्या हाती तो लागला होता, त्याच गटाने 2021 मध्ये सविस्तर शोधनिबंध लिहून तो मानवी उपकरणांचाच गोंधळ असल्याचे दाखवले.

अनुमान यांना माझे एवढेच सांगणे आहे की, हा गाजलेला दावा बाहेरच्या टीकाकारांनी मोडलेला नाही. तो शोधणाऱ्यांनीच मोडला.

दर्यावर्दी, हर्णै

रात्री क्षितिजावर पांढऱ्या-हिरव्या दिव्यांची रांग दिसते आणि पर्यटक तिचे चित्रण करून "समुद्रावर उडत्या तबकड्या" म्हणून पाठवतात. त्या बहुधा एलईडी दिव्यांवर मासे ओढणाऱ्या नौका असतात. केंद्र सरकारने 2017 मध्ये या पद्धतीवर बंदी घातली, तरी तो उजेड आजही दिसतो, आणि आम्हा पारंपरिक मच्छीमारांना त्यामागचे नुकसान ठाऊक असल्यामुळे त्याचे गूढ वाटत नाही.

चुंबकसुई, अलिबाग

लघुलहरी काकांनी लिहिलेल्या गोंधळाचे फार जुने उदाहरण आमच्या गावात उभे आहे. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून होत होती. शहरात विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार असे ठरले, तेव्हा त्या विद्युतप्रवाहामुळे नोंदी बिघडतील हे तिथल्या शास्त्रज्ञांनी आधीच ओळखले आणि 1904 मध्ये चुंबकीय मोजमाप अलिबागला हलवले. जुन्या आणि नव्या नोंदींचा सांधा नीट जुळावा म्हणून दोन्ही ठिकाणी काही काळ बरोबरीने मोजमाप केले गेले. त्यामुळेच ती दीर्घ मालिका आजही वापरता येते.

आपल्याच यंत्रांचा गोंगाट वजा केल्याशिवाय पृथ्वीचा किंवा आकाशाचा आवाज ऐकल्याचा दावा करता येत नाही, हे मला या वेधशाळेमुळे लहानपणीच समजले. नारायणगावजवळ खोडद येथे प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण उभारताना गोविंद स्वरूप यांनी शहरांच्या रेडिओ गोंगाटापासून दूर, डोंगरांच्या आडोशाची जागा निवडली, तीही याच कारणाने.

देवगडकर

या चर्चेत विजयदुर्गाचा उल्लेख अजून झाला नाही याचे आश्चर्य वाटते. सूर्यावरील हेलियमचा शोध 1868 च्या ग्रहणात आमच्या किल्ल्यावरून लागला, दर वर्षी 18 ऑगस्टला तिथे हेलियम दिन साजरा होतो, आणि सर नॉर्मन लॉकियर यांची दुर्बीण ज्यावर होती ते साहेबाचे ओटे आजही दाखवले जातात. पृथ्वीवर न सापडलेली वस्तू आधी आकाशात सापडू शकते, हे तिथे सिद्ध झाले. परग्रहावरील जीवांबाबतही तसेच होईल असा माझा विश्वास आहे.

खगोलवाट, खेड

देवगडकर, विजयदुर्गाविषयीच्या आपल्या अभिमानात मी सहभागी आहे आणि म्हणूनच ही हकीकत नीट लिहावीशी वाटते. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास ग्रहणाच्या वेळी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन आंध्रातील गुंटूर येथे होते. लॉकियर त्या वेळी भारतात नव्हते. त्यांनी त्याच वर्षी 20 ऑक्टोबरला इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला आणि सोडियमच्या रेषांजवळची पण त्यांच्याशी न जुळणारी पिवळी रेषा अभ्यासली. ते विजयदुर्गला आले ते 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणासाठी. तोपर्यंत रॅम्से यांनी 1895 मध्ये युरेनियमच्या एका खनिजातून हेलियम वेगळा करून तो पृथ्वीवरही असल्याचे दाखवले होते.

आता मास्तरांच्या प्रश्नाशी याचा जो संबंध आहे, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. 1868 ची पिवळी रेषा ओळखीच्या कोणत्याही मूलद्रव्याशी जुळेना, तेव्हा नवे मूलद्रव्य असावे असा अंदाज केला गेला. पुढच्याच वर्षी, 7 ऑगस्ट 1869 च्या ग्रहणात, अमेरिकेतील निरीक्षकांना सूर्याच्या प्रभामंडळात, म्हणजे त्याच्या सर्वांत बाहेरच्या वातावरणात, एक हिरवी रेषा दिसली. तीही कशाशी जुळेना, म्हणून तिच्यासाठीही 'कोरोनियम' नावाचे नवे मूलद्रव्य कल्पिले गेले. दोन्ही अंदाजांची पद्धत एक होती, करणारी माणसे तितकीच हुशार होती आणि दोन्ही निरीक्षणे अस्सल होती. हेलियम सत्तावीस वर्षांनी हाती आला. कोरोनियम मात्र कधीच सापडले नाही, कारण ते नव्हतेच. ग्रोट्रियन आणि एडलेन यांच्या कामातून 1940 च्या सुमारास कळले की, ती रेषा तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची आहे, आणि लोखंडाची ती अवस्था होण्याइतके, म्हणजे दहा लाख अंशांहून अधिक, प्रभामंडळाचे तापमान आहे.

म्हणून "ओळखीच्या कशाशीही जुळत नाही" हे वाक्य संशोधनाची फक्त सुरुवात करून देते. 1967 मध्ये जोसेलिन बेल यांना 1.337 सेकंदांच्या नेमक्या अंतराने येणारे रेडिओ ठोके मिळाले, तेव्हा त्या गटाने त्या उगमाला 'छोटे हिरवे लोक' या अर्थाचे आद्याक्षरी नाव दिले होते. तो वेगाने फिरणारा न्यूट्रॉन तारा, म्हणजे पल्सार, निघाला. परग्रहवासी सापडले नाहीत म्हणून कोणाचे काही बिघडले नाही. पदार्थाची एक अद्भुत अवस्था माणसाला समजली.

देवगडकर

1898 चे ग्रहण विजयदुर्गावरून पाहिले गेले हीच बाब किल्ल्याच्या थोरवीला पुरेशी आहे, आणि हेलियम दिनाच्या कार्यक्रमात ही सगळी हकीकत सांगितली जावी असे मी सुचवणार आहे. कोरोनियमची गोष्ट मी प्रथमच वाचली. हेलियमच्या शेजारी ती ठेवली पाहिजे.

शेवाळ, रत्नागिरी

मी सागरी जीवशास्त्र शिकवते. या चर्चेत आतापर्यंत भौतिकशास्त्र बोलले, आता जीवशास्त्राची शंकाही नोंदवते, कारण ती अधिक खोल आहे.

1995 च्या सुमारास उत्क्रांतिशास्त्रज्ञ अर्न्स्ट मायर आणि खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्यात याच विषयावर लेखी वाद झाला. मायर यांचा मुद्दा असा होता की, पृथ्वीवर आजवर अब्जावधी जाती होऊन गेल्या आणि त्यांतून रेडिओ दुर्बीण बांधण्याइतकी बुद्धी एकाच जातीला आली, तेव्हा अशी बुद्धी हा उत्क्रांतीचा ठरलेला शेवट नव्हे. डोळा अनेक शाखांत स्वतंत्रपणे निर्माण झाला, पंख निर्माण झाले, पण तंत्रज्ञान एकदाच. काळाच्या हिशोबातही हेच दिसते. पृथ्वी सुमारे 454 कोटी वर्षांची आहे आणि जीवसृष्टीचे पुरावे किमान 350 कोटी वर्षांपूर्वीचे मिळतात, परंतु केंद्रक असलेली पेशी यायला त्यानंतर शंभर-दीडशे कोटी वर्षे गेली, आणि आपण रेडिओ लहरी सोडू लागलो त्याला जेमतेम सव्वाशे वर्षे होत आहेत. दूरच्या कोणी याआधीच्या कोणत्याही काळात पृथ्वीकडे कान लावला असता, तर या गजबजलेल्या ग्रहावरून त्याला काहीही ऐकू आले नसते. म्हणून माझी समजूत अशी आहे की सूक्ष्मजीव विश्वात बरेच असतील आणि बोलणारे फार थोडे.

परंतु अनुमान यांच्या "शोध कधी चुकीचा ठरणार" या प्रश्नाला एक उत्तर आहे. जिल टार्टर यांनी या क्षेत्रात आयुष्य घालवले. त्या आजवरच्या शोधाची तुलना समुद्रातून एक पेला पाणी भरून त्यात मासा नाही म्हणण्याशी करतात. 2018 मध्ये जेसन राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिशा, वारंवारता, संकेताची तीव्रता, वेळ अशा सगळ्या मिती घेऊन पुन्हा हिशोब केला, तेव्हा आजवर तपासलेला भाग म्हणजे सगळ्या महासागरांच्या पाण्यापुढे पोहण्याच्या एका छोट्या तलावाइतका भरला. मी मांडवीच्या धक्क्यावरून पेलाभर पाणी आणते, तेव्हा त्यात बांगडा नसतो, पण सूक्ष्मदर्शकाखाली त्यात कित्येक डायटम, म्हणजे एकपेशीय शैवाल, दिसतात. पेला रिकामा आहे की नाही हे आपण त्यात काय आणि कशाने पाहतो यावर ठरते.

अनुमान, चिपळूण

शेवाळताई, पेल्याच्या तुलनेत एक गोष्ट आधीच गृहीत धरलेली आहे. समुद्रात मासे असतात हे आपल्याला पेला भरण्यापूर्वीच ठाऊक असते, म्हणून रिकाम्या पेल्यावरून निष्कर्ष काढणाऱ्याचे हसू येते. आकाशाच्या बाबतीत तेच तर ठाऊक नाही. सँडबर्ग, ड्रेक्सलर आणि ऑर्ड यांनी 2018 मध्ये ड्रेक समीकरणातील प्रत्येक पदासाठी एकेक आकडा न घेता आपल्या अज्ञानाची संपूर्ण व्याप्ती घेतली, तेव्हा आकाशगंगेत आपण एकटेच असण्याची शक्यता बरीच मोठी निघाली. म्हणजे फर्मींच्या प्रश्नात विरोधाभासच उरत नाही. कोणी दिसत नाही, आणि कोणी नसणेही अगदी संभाव्य आहे.

मायर यांचा मुद्दा मात्र मला पटतो, आणि तो माझ्या बाजूचा आहे.

शेवाळ, रत्नागिरी

तुलनेवरचा आपला आक्षेप योग्य आहे. परंतु एकटे असण्याची शक्यता मोठी आहे म्हणून ऐकणे थांबवावे असे त्या तिघांच्या हिशोबातून निघत नाही. शक्यतांचे जे टोक अज्ञानामुळे इतके लांब पसरले आहे, ते आखूड करण्याचा मार्ग मोजमाप हाच आहे. सूर्यमालेबाहेरचे सहा हजारांहून अधिक ग्रह आज निश्चित झाले आहेत. ड्रेक यांनी समीकरण लिहिले तेव्हा असा एकही माहीत नव्हता, म्हणजे एक पद तरी अंदाजातून मोजमापात आले.

आणखी एक गोष्ट सांगते. डायमिथाइल सल्फाइड हा वायू पृथ्वीवर मुख्यतः सागरी सूक्ष्म वनस्पतींमुळे हवेत येतो, आणि किनाऱ्यावर जो समुद्राचा वास येतो त्यात त्याचा वाटा असतो. एप्रिल 2025 मध्ये निक्कू मधुसूदन यांच्या केंब्रिजमधील गटाने 124 प्रकाशवर्षे दूरच्या के2-18बी या ग्रहाच्या वातावरणात त्याच्या किंवा त्यासारख्या रेणूच्या खुणा दिसल्याचे जाहीर केले. मला त्या दिवशी किती आनंद झाला ते लिहून सांगता येणार नाही. परंतु निष्कर्ष केवळ योगायोग नसल्याची खात्री 'सिग्मा'त मोजतात, त्यांनी दिलेली खात्री तीन सिग्मा पातळीची होती आणि या क्षेत्रात पाच सिग्मा मागितली जाते. इतर गटांनी त्याच मापनांचे पुन्हा विश्लेषण केले तेव्हा खूण ठामपणे टिकली नाही. शिवाय हाच रेणू 67पी या निर्जीव धूमकेतूवरही आढळला आहे. ग्रहावर प्लवक आहे असे मी म्हणू शकत नाही. तरीही त्या निष्कर्षाची तपासणी पुढे चालू राहावी असे मला मनापासून वाटते.

जयंत नारळीकरांचेही येथे स्मरण होते. जीवाणू अवकाशातून येत असावेत ही कल्पना त्यांना प्रिय होती, म्हणूनच हैदराबादहून 2001 मध्ये फुगा सोडून 41 किलोमीटर उंचीपर्यंतची हवा निर्जंतुक नळ्यांत गोळा करण्याचा प्रयोग त्यांच्या पुढाकाराने झाला. जीवाणू मिळाले. ते खालून वर गेलेले नाहीत हे सिद्ध करण्याचे ओझे मात्र प्रयोग करणाऱ्यांवरच राहिले.

लघुलहरी, गुहागर

"नाही" या उत्तरालाही किंमत असते, हे रेडिओवाल्याच्या भाषेत सांगतो. 1995 ते 2004 या काळात 'फिनिक्स' प्रकल्पाने सूर्याच्या शेजारचे सुमारे 800 तारे बारकाईने ऐकले. निष्कर्ष असा की, ऐकलेल्या वारंवारतांवर, ऐकलेल्या वेळी, त्या ताऱ्यांजवळून आपल्या दिशेने प्रचंड शक्तीचे प्रक्षेपण होत नव्हते. हे विधान मर्यादित आहे, पण त्याच्या मर्यादा मोजलेल्या आहेत. अनुमान, आपण विचारले होते की हा शोध कधी चुकीचा ठरणार. संपूर्ण शोध एकदम चुकीचा ठरत नाही, पण "जवळच्या ताऱ्यांवरून कोणी आपल्याला जोरात हाका मारत आहे" ही कल्पना बरीचशी चुकीची ठरलेली आहे.

नांगर, वेंगुर्ला

एवढा खर्च कशासाठी, हे कोणीच विचारले नाही. आमच्या भागातील जेट्यांची अवस्था पाहून हा प्रश्न मनात येतो.

चुंबकसुई, अलिबाग

हा प्रश्न अमेरिकेच्या काँग्रेसमध्येही विचारला गेला. नासाने 1992 च्या ऑक्टोबरमध्ये सुरू केलेला शोध एका वर्षातच, 1993 मध्ये, सिनेटर ब्रायन यांच्या पुढाकाराने बंद करण्यात आला. त्यानंतर हे काम बरेचसे खासगी देणग्यांवर चालले. 2015 मध्ये युरी मिल्नर यांनी दहा वर्षांसाठी दहा कोटी डॉलर जाहीर केले ते त्यांचे स्वतःचे. ऐकण्यासाठी बांधलेली यंत्रे आणि संगणकीय पद्धती पल्सार आणि क्षणिक रेडिओ स्फोटांच्या अभ्यासातही उपयोगी पडतात. जेट्यांचा आपला मुद्दा खरा आहे, परंतु तो पैसा या खात्यातून अडलेला नाही.

कातळखूण, रत्नागिरी

मी कातळशिल्पांच्या नोंदणीत स्वयंसेवक म्हणून फिरते. मास्तरांच्या मूळ तक्रारीकडे परत येते, कारण तिचे मला फार दुःख आहे.

"ही चित्रे फक्त आकाशातून दिसतात, म्हणून ती आकाशातल्यांसाठी आहेत" असे सांगितले जाते. हे खोटे आहे. कशेळीचा हत्ती सुमारे 18 मीटर लांब आहे आणि सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, त्याच्याभोवती फिरत गेले की तो पूर्ण समजतो. त्याच्या शरीरात आणखी कितीतरी लहान प्राणी कोरलेले आहेत. ते पाहायला गुडघ्यावर बसावे लागते, विमानातून ते दिसणारही नाहीत. अनेक ठिकाणी वाघ, मोर, मासे, वाघळी आहेत. बारसूला दोन वाघांच्या मध्ये उभा असलेला माणूस आहे. ज्यांनी हे कोरले, त्यांनी भोवतालचे प्राणी बारकाईने पाहिले होते आणि त्यांचा कातळ कसा फुटतो हेही त्यांना नेमके ठाऊक होते. जांभा दगडाने ठोकून कोरता येतो.

देवाचे गोठणे येथील मनुष्याकृतीपाशी होकायंत्र भलतीकडे दिशा दाखवते, हे खरे आहे, आणि व्हिडिओवाल्यांचा सगळा भर त्यावर असतो. पण जांभ्यात लोहाची खनिजे भरपूर असतात, आणि उघड्या सड्यावर वीज कोसळली की खडकाचा तो भाग चुंबकित होतो ही जगभर नोंदलेली प्रक्रिया आहे. म्हणजे इथे मोजण्यासारखा एक सुंदर प्रश्न आहे. आकृती कोरणाऱ्यांना ही जागा वेगळी आहे असे जाणवले होते का, हा त्याहून सुंदर प्रश्न आहे. परग्रहवासीयांचे नाव घेतले की दोन्ही प्रश्न तिथेच संपतात, आणि आमच्या पूर्वजांच्या हातांचे श्रेय दुसऱ्याच कोणाला जाते. परग्रहवासीयांवर विश्वास ठेवावा की नाही हा ज्याचा त्याचा विचार आहे, परंतु या माणसांची कला त्यांच्यापासून काढून घेऊ नये, ही माझी विनंती आहे.

सड्यावरचा मास्तर, राजापूर

कातळखूण ताईंचा हा प्रतिसाद मी वर्गात वाचून दाखवणार आहे. चुंबकसुई, देवाचे गोठणे येथील सड्यावर मुलांना नेऊन आकृतीभोवती एकेका मीटरवर होकायंत्र ठेवून दिशांचा नकाशा काढायचा विचार आहे. काय काळजी घ्यावी ते सांगावे.

त्या मुलीचा आणखी एक प्रश्न आहे. 1977 च्या 'वाव' संकेताचे काय, तो तर अजून कोणी खोटा ठरवलेला नाही?

चुंबकसुई, अलिबाग

मोबाइल, किल्ल्या, लोखंडी पट्टे आणि दुचाकी दूर ठेवाव्यात. एकच होकायंत्र वापरावे, ते नेहमी सारख्याच उंचीवर धरावे, आणि दर काही मापनांनंतर आकृतीपासून दूरच्या एका ठरलेल्या बिंदूवर जाऊन पुन्हा मोजावे. मूळ दिशेसाठी दूरच्या एखाद्या टेकडीचे टोक धरावे, म्हणजे होकायंत्र किती अंश चुकते ते कळेल. मुलांनी आकृतीवर पाय ठेवू नये.

खगोलवाट, खेड

'वाव' संकेत 15 ऑगस्ट 1977 रोजी ओहायोतील 'बिग इअर' दुर्बिणीला मिळाला आणि तो 72 सेकंद टिकला. ती दुर्बीण जागेवर स्थिर होती आणि पृथ्वीच्या फिरण्याने आकाश तिच्या टप्प्यातून सरकत असे. एखाद्या ताऱ्याइतक्या दूरच्या बिंदूला तो टप्पा ओलांडायला नेमका तेवढाच वेळ लागतो, म्हणून उगम दूरचा असावा असे वाटते. संकेत 1420 मेगाहर्ट्‌झच्या जवळचा आणि अरुंद होता, आणि जेरी एहमन यांनी छापील कागदावर त्याभोवती लाल शाईने वर्तुळ काढून शेजारी तो उद्गार लिहिला. मात्र त्या दुर्बिणीला थोड्या अंतराने त्याच जागेकडे पाहणारे दोन संकेतग्राहक होते आणि संकेत त्यांतील एकातच आला. नंतर अनेकांनी, अधिक संवेदनशील दुर्बिणींनी, ती जागा पुन्हा पुन्हा पाहिली, पण तो परत मिळाला नाही.

त्या मुलीला सांगावे की तो खोटा ठरलेला नाही हे तिचे म्हणणे बरोबर आहे, आणि तो खरा ठरलेला नाही हेही तितकेच बरोबर आहे. एकदाच मिळालेल्या निरीक्षणाचे जे होते तेच त्याचे झाले आहे. जे पुन्हा मोजता येते, ते मात्र आपण सड्यावरही मोजू शकतो. पुठ्ठ्याला ॲल्युमिनियमची पातळ चादर लावून कर्ण्यासारखा ॲन्टेना करावा, त्याला 1420 मेगाहर्ट्‌झसाठीचा लहान प्रवर्धक आणि संगणकाला जोडता येणारा स्वस्त एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणारा) रेडिओ लावावा, की आकाशगंगेच्या पट्ट्यातील हायड्रोजनची रेषा पडद्यावर उमटते. दिशा बदलली की ती थोडी सरकते, कारण तो वायू आपल्याकडे किंवा आपल्यापासून दूर जात असतो. एप्रिल-मे महिन्यांत मध्यरात्रीनंतर आकाशगंगा चांगली वर येते आणि तोपर्यंत पावसाचे ढगही आलेले नसतात. लघुलहरी काकांनी तारा जोडण्याचे काम घेतले, तर मी खेडहून माझा रेडिओ आणि संगणक घेऊन राजापूरला येतो. मास्तर, मुलांच्या परीक्षा संपल्यानंतरची तारीख कळवावी.

लघुलहरी, गुहागर

प्रवर्धक माझ्याकडे आहे. सड्यावर मोबाइल मनोऱ्याचा गोंधळ किती आहे ते आधी एकदा मोजून घेऊ, म्हणून आदल्या दिवशीच यावे लागेल.